आद्याक्षरांची राखण

प्रश्न : ताई, कामावर कुणी सारखं मागे लागलं की आम्ही 'त्याने ससेमिरा लावलाय' म्हणतो. माझी आजी सांगायची की हा शब्द एका राजपुत्राच्या गोष्टीतला आहे आणि त्यातली चार अक्षरं ही चार श्लोकांची पहिली अक्षरं आहेत. हे खरं का? जुन्या वाङ्मयात अशी आद्याक्षरं जुळवलेली आणखी कुठे सापडतात?

उत्तर : आजींचं म्हणणं खरं आहे. ही गोष्ट हल्ली कुणी पूर्ण सांगत नाही, म्हणून आज थोडी जागा घेऊन सांगते.

विक्रमचरित्र, म्हणजे आपण जिला सिंहासनबत्तिशी म्हणतो, तिच्या सुरुवातीच्या भागात ही कथा येते. नंद राजाचा मुलगा शिकारीला गेला आणि सोबत्यांपासून चुकला. वाघ दिसला म्हणून झाडावर चढला, तर वर आधीच एक अस्वल बसलेलं. अस्वलाने त्याला अभय दिलं. रात्र झाली, राजपुत्र अस्वलाच्या मांडीवर झोपला. खालून वाघ अस्वलाला म्हणाला, हा माणूस आहे, उद्या तुझाच घात करील, ढकल त्याला खाली. अस्वल म्हणालं, आसऱ्याला आलेल्याला मी देणार नाही. मग पाळी बदलली. अस्वल राजपुत्राच्या मांडीवर झोपलं. वाघाने तेच राजपुत्राला सांगितलं आणि राजपुत्राने ढकललं. पडता पडता अस्वलाने मधली फांदी धरली आणि ते वाचलं. त्याने शाप दिला : 'ससेमिरा' एवढंच बडबडत वेड्यासारखा फिरशील.

राजपुत्र घरी आला तो 'ससेमिरा, ससेमिरा' म्हणतच. वैद्य झाले, मांत्रिक झाले, गुण येईना. राजाला तेव्हा आपल्या शारदानंदन नावाच्या गुरूची आठवण झाली. पण त्याला तर राजानेच संशयावरून ठार मारायची आज्ञा दिली होती. संशय असा : राणी भानुमतीचं चित्र काढलं होतं, ते पाहून गुरू म्हणाला, मांडीवरचा तीळ राहिला. तीळ खरोखरच होता, आणि याला तो कसा ठाऊक, म्हणून राजा पेटला. मंत्री शहाणा होता. त्याने गुरूला मारलं नव्हतं, आपल्या घरी लपवून ठेवलं होतं. आता मंत्र्याने सांगितलं, माझी मुलगी राजपुत्राला बरं करील, पण ती पडद्याआडून बोलेल. पडद्याआड होता तो शारदानंदन.

त्याने पहिला श्लोक म्हटला :

सद्भावप्रतिपन्नानां वञ्चने का विदग्धता ।
अङ्कमारुह्य सुप्तानां हन्तुः किं नाम पौरुषम् ॥

विश्वासाने जवळ आलेल्यांना फसवण्यात कसली हुशारी? मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला पुरुषार्थ? हे ऐकताच राजपुत्राच्या तोंडातला 'स' गळला. तो नुसतं 'सेमिरा' म्हणू लागला. दुसरा श्लोक 'सेतुं गत्वा समुद्रस्य' असा सुरू होतो : सेतुबंधावर जा, गंगासागराच्या संगमावर जा, ब्रह्महत्या करणाराही सुटेल, मित्रद्रोही सुटणार नाही. उरलं 'मिरा'. तिसरा, 'मित्रद्रोही कृतघ्नश्च यश्च विश्वासघातकः', हे तिघे नरकात जातात. उरलं 'रा'. चौथा श्लोक राजाला हाक मारून सुरू होतो, मुलाचं भलं व्हावं असं वाटत असेल तर दान कर, देवाची आराधना कर. 'रा' गेला, आणि राजपुत्र शुद्धीवर येऊन जंगलातली हकिगत सांगू लागला. राजाने चकित होऊन विचारलं, मुली, घरात बसून तुला रानातली गोष्ट कशी कळली? पडद्याआडून उत्तर आलं : जशी भानुमतीच्या तिळाची कळली तशीच. राजाने उठून पडदा सारला.

राजपुत्राची पाठ न सोडणारी ती चार अक्षरं, तोच आपला ससेमिरा.

आता आद्याक्षरांचं काम काय, ते याच गोष्टीत अगदी जवळून दिसतं. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरात हीच कथा आहे. तिथे राजपुत्राचं नाव हिरण्यगुप्त, वाघाच्या जागी सिंह, गुरूच्या जागी वररुची. तीळही आहे, लपवून ठेवणंही आहे. पण तिथे शाप नुसत्या वेडाचा आहे, अक्षरांचा नाही. म्हणून ती कथा ऐकून विसरता येते. विक्रमचरित्रातली कथा विसरली तरी चार अक्षरं जिभेवर राहतात आणि त्यांना धरून चार श्लोक परत येतात.

हे श्लोक वेगवेगळ्या पोथ्यांत ताडून पाहावेत. तिसऱ्याचा शेवट एका ठिकाणी 'यावच्चन्द्रदिवाकरौ' असा, दुसरीकडे 'यावदाभूतसंप्लवम्' असा. चौथ्यात राजाला हाक मारायचा शब्दही बदलतो. पण 'मि' हलत नाही, 'रा' हलत नाही. श्लोकाच्या पोटात लेखनिकाचा हात सैल पडतो, उंबरठ्यावर मात्र तो सावध असतो, कारण तिथलं अक्षर चुकलं तर सगळी गोष्टच कोसळते. आणि जिथे पहिला श्लोक 'सद्भाव' ऐवजी 'विश्वासप्रतिपन्नानां' असा आला (हितोपदेशात तो तसाच आहे), तिथे शापाचा शब्दच बदलून 'विसेमिरा' करावा लागला. मला यात फार अर्थ दिसतो. आद्याक्षरं ही शोभेसाठी नसून राखणीसाठी आहेत. एखादा श्लोक गळला की भोक पडतं, क्रम चुकला की शब्द मोडतो, कुणी मध्येच आपला श्लोक घुसडला की एक अक्षर जास्त होतं.

जुनी पोथी हातात घेतली की हे आणखी पटतं. आपल्याला छापील पुस्तकात ओळीखाली ओळ दिसते आणि पहिली अक्षरं उभी वाचता येतात. पोथीत तसं नसतं. श्लोक संपला की दोन दंड, आकडा, आणि पुढचा श्लोक त्याच ओळीत सुरू. पहिली अक्षरं एकाखाली एक येतच नाहीत. म्हणजे ही करामत डोळ्यांसाठी केलेली नाही, पाठ करणाऱ्यासाठी केलेली आहे.

अशीच एक छोटी गोष्ट पंडितांच्या तोंडी आहे. रानात सोबत्याने दगा देऊन एका तरुणाला मारलं. मरण्यापूर्वी त्याने बापासाठी चारच अक्षरांचा निरोप दिला : 'अप्रशिख'. मारेकऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, त्याने तो पोचवला. बापाने, काही ठिकाणी दरबारातल्या पंडिताने, प्रत्येक अक्षराचा एक चरण केला. 'अनेन तव पुत्रस्य', 'प्रसुप्तस्य वनान्तरे', मग शेंडी धरल्याचा 'शिखा' पासून सुरू होणारा चरण, आणि शेवटी 'खड्गेन निहतं शिरः'. याने तुझ्या झोपलेल्या मुलाचं रानात डोकं उडवलं. इथे श्लोकांची नव्हे, एकाच श्लोकाच्या चार चरणांची आद्याक्षरं आहेत.

घरात रोज म्हटलं जाणारं उदाहरण म्हणजे शिवपंचाक्षर स्तोत्र. नागेंद्रहाराय, मंदाकिनीसलिल, शिवाय गौरी, वसिष्ठकुंभोद्भव, आणि य ने सुरू होणारा पाचवा श्लोक : न-म-शि-वा-य. चौथ्याकडे नीट पाहा. मंत्रात 'वा' आहे, श्लोक 'व' वर सुरू होतो, आणि शेवटही 'तस्मै वकाराय' असाच आहे. 'शि' ला मात्र वेलांटीसकट 'शि'च घेतला आहे. ससेमिऱ्यात 'से' चा मात्रा, 'मि' ची वेलांटी, 'रा' चा काना, सगळं काटेकोर. दोन्ही रीती आपल्याकडे चालतात.

सगळ्यात भव्य रचना म्हणाल तर ललितात्रिशती. श्रीविद्या या देवीच्या उपासनेतल्या पंचदशी मंत्राची १५ अक्षरं, प्रत्येक अक्षराने सुरू होणारी २० नावं, अशी देवीची ३०० नावं. ककाररूपा, कल्याणी, कल्याणगुणशालिनी अशी सुरुवात होते, मग ए, मग ई, मग ल. 'ह्रीं' हे अक्षर मंत्रात तीनदा येतं, म्हणजे नुसत्या ह्रीं वर ६० नावं. ह्रीं ने सुरू होणारे शब्द भाषेत आहेत तरी किती? तिथे रचनाकाराने ह्रींकारनिलया, ह्रींपदप्रिया असे समास घडवले. अडचणीतून वाट काढताना भाषा कशी लवते ते त्या साठ नावांत पाहावं.

प्रश्न : वाल्मीकी रामायणात गायत्री मंत्र दडलेला आहे, दर हजाराव्या श्लोकाचं पहिलं अक्षर घेतलं की तो मिळतो, असं कीर्तनात ऐकलं. मोजून पाहिलं तर जुळत नाही. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं चुकत नाही. परंपरा अशी की रामायणाचे २४,००० श्लोक, गायत्रीची २४ अक्षरं, आणि प्रत्येक हजाराच्या आरंभी एक अक्षर. पहिला श्लोक 'तपःस्वाध्यायनिरतं' हा 'तत्' मधल्या त वर सुरू होतो, हे तर उघडच आहे. पण बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात अनेक हस्तलिखितं ताडून जी चिकित्सित आवृत्ती सात कांडांत काढली, तिच्यात श्लोकसंख्या १९,००० च्याही आत आहे. प्रचलित प्रतींतही संख्या एकसारखी नाही. मग हजारावं कुठलं धरणार? गायत्री रामायण म्हणून जे म्हटलं जातं, त्यात त्या त्या अक्षराने सुरू होणारे श्लोक वेचून ओवलेले आहेत. नित्यपाठाला ते सुंदर आहे, पण त्यावरून श्लोक मोजायला जाऊ नये.

आणखी एक बारकावा. गायत्रीची अक्षरं जशी लिहितो तशी मोजली तर २३ भरतात. 'वरेण्यं' हे 'वरेणियं' असं सोडवून म्हटलं तरच २४ होतात.

प्रश्न : आमच्याकडे सप्तशती गुरुचरित्रसाराचं पारायण असतं. त्यात गीतेचा अध्याय लपलेला आहे असं वडील म्हणतात. कसा शोधायचा?

उत्तर : प्रत्येक ओवीचं तिसरं अक्षर घ्या आणि क्रमाने वाचत जा. गीतेचा पंधरावा अध्याय उलगडतो. ही रचना वासुदेवानंद सरस्वतींची, म्हणजे टेंबे स्वामींची (१८५४–१९१४).

पंधरावाच अध्याय का, याचं एक उत्तर हिशेबात आहे. त्यात २० श्लोक. त्यांतले १५ अनुष्टुभ छंदातले, प्रत्येकी ३२ अक्षरं, म्हणजे ४८०. उरलेले पाच, दुसरा ते पाचवा आणि पंधरावा, हे त्रिष्टुभ छंदातले, प्रत्येकी ४४, म्हणजे २२०. बेरीज बरोबर ७००. (तिसऱ्या श्लोकाचा पहिला चरण, 'न रूपमस्येह तथोपलभ्यते', बोटांवर मोजला तर अकराऐवजी बारा भरतो. तेवढा सोडा.) सातशे ओव्यांच्या ग्रंथाला सातशे अक्षरांचा अध्याय. स्वामींनी हे मोजूनच घेतलं असणार, असं मला वाटतं. आणि पहिलं नव्हे, तिसरं अक्षर धरल्यामुळे ओवीचं तोंड मोकळं राहिलं. कथा सांगणाऱ्याला कुठल्याही शब्दाने ओवी सुरू करता येते, मंत्र आतून चालत राहतो. पारायण करताना तो जाणवतही नाही. वडिलांसोबत एकदा पेन्सिल घेऊन बसा, पहिल्या अध्यायापुरतं तरी करून पाहा.

प्रश्न : अ, आ, इ, ई किंवा क, ख, ग अशा वर्णमालेच्या क्रमाने सुरू होणारी वाक्यं जुन्या ग्रंथांत आहेत का?

उत्तर : आहेत, आणि फार जुनी आहेत. ललितविस्तर या बौद्ध ग्रंथात बालक सिद्धार्थ पाठशाळेत जातो. मुलं एकेक अक्षर म्हणतात आणि त्याच्या प्रभावाने प्रत्येक अक्षरातून एक वचन बाहेर पडतं. 'अ' म्हटलं की 'अनित्यः सर्वसंस्कारः', 'आ' म्हटलं की आत्महित-परहित, 'इ' वर इंद्रियांचं वैकल्य. अक्षरओळखीच्या पाटीवरच धर्म शिकवायचा, ही कल्पनाच किती माया लावणारी आहे! पण मला सर्वांत आवडते ती जागा पुढे आहे. ङ, ञ, ण यांनी शब्द सुरू होत नाहीत. मग तिथे काय केलं? ङ साठी 'अङ्गविशुद्धि', ण साठी 'रेणुक्लेश'. अक्षर आरंभी नाही, शब्दाच्या आत आहे, आणि तेवढं पुरतं. एकही व्यंजन टाकलेलं नाही.

हिब्रू बायबलमध्येही हा प्रकार आहे. स्तोत्र ११९ मध्ये २२ अक्षरांची २२ कडवी, प्रत्येक कडव्यात त्याच अक्षराने सुरू होणाऱ्या आठ ओळी, एकूण १७६. स्तोत्र १४५ तर माझ्या राखणीच्या मुद्द्याला बळ देणारं. तेही वर्णक्रमाने आहे, पण परंपरेने आलेल्या हिब्रू प्रतीत 'नून' या अक्षराची ओळच नाही. २२ ऐवजी २१. ओळ गळल्याची शंका केवळ त्या क्रमामुळे आली. पुढे १९५६ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरानची अकरावी गुहा सापडली, तिथल्या गुंडाळीत नूनची ओळ आहे. जुन्या ग्रीक भाषांतरातही आहे. क्रम नसता तर कुणाला चुकल्यासारखंही वाटलं नसतं.

याशिवाय सूफी कवी जायसीची 'अखरावट', गुरू नानकांची आसा रागातली 'पट्टी', गुरू अर्जनांची 'बावन अखरी' ही सगळी याच कुळातली. संस्कृतात 'कः खगौघाङ्' असा सुरू होणारा एक श्लोक पंडित म्हणत असतात, त्यात क पासून ह पर्यंतची सगळी व्यंजनं ओळीने येतात. पण तिथे आद्याक्षरांचा प्रश्न नाही.

प्रश्न : कॉलेजात आम्हाला शिकवलं की चित्रकाव्य, म्हणजे शब्दांच्या नि अक्षरांच्या करामतींचं काव्य, हे सर्वांत खालच्या दर्जाचं. मग याचं एवढं कौतुक का?

उत्तर : काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात व्यंग्य, म्हणजे सूचित अर्थ, नसलेल्या चित्रकाव्याला 'अवर', म्हणजे खालचं, म्हटलं, हे खरं. पण तो तराजू रसाचा आहे. जे लक्षात राहावं, बिघडू नये, जपाला यावं म्हणून रचलं गेलं, ते त्यात घालून हलकं ठरवणं मला मान्य नाही. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणं रचली असं सांगतात. मंत्ररामायणात 'श्रीराम जय राम जय जय राम' ही तेरा अक्षरं गुंफली, निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लागणारं अक्षर वर्ज्य केलं. म्हणजे त्यात 'राम' हे नावच घेता येत नाही, कारण म म्हणताना ओठ मिटतात! राघव म्हणायचं तर व दंतोष्ठ्य, दातांचा आणि ओठांचा. एवढं बांधून घेऊनही ज्याला रामकथा सांगावीशी वाटते, त्याला मी कारागीर म्हणून हिणवणार नाही. त्याला रामाजवळ बसायचं आहे, आणि अक्षर निवडायला लागणारा वेळ हे त्याचं निमित्त आहे.

प्रश्न : आईची पंच्याहत्तरी आहे. तिच्या नावाच्या अक्षरांवरून दोन ओळी करायच्या आहेत. नाव कृष्णा. 'ष्णा' ने शब्दच सुरू होत नाही. काय करू?

उत्तर : नाव तोडून 'क-रु-ष-ण' करू नका, आपल्याकडे एकक अक्षराचं आहे, सुट्या वर्णाचं नाही. कृ आणि ष्णा अशी दोनच अक्षरं धरा. ललितविस्तरकारांनी ण साठी जे केलं आणि टेंबे स्वामींनी सातशे ओव्यांत जे केलं तेच करा : अक्षर आत घ्या. दुसरं अक्षर ठरवलंत की 'कृ' ला सुकृत, आकृती, प्रकृती असे कितीतरी शब्द मिळतात, आणि 'ष्णा' ला तृष्णा आहेच. मी असं करीन :

सुकृत साठले पदरी
तृष्णा उरली ना अंतरी

दोन्ही ओळी नऊ अक्षरांच्या आहेत. तुमच्या आईला हे शब्द लागू नसतील तर बदला, फक्त दुसरं अक्षर हलवू नका. छापताना ओळी मधोमध न लावता डावीकडून सारख्या सुरू करा, आणि 'कृ' च्या बरोबर खाली 'ष्णा' येतंय ना, ते छापणाऱ्याकडून कच्च्या प्रतीवर आधी तपासून घ्या. 'सु' आणि 'तृ' यांची रुंदी वेगळी असल्याने अंतर थोडं हाताने जुळवावं लागेल.